सात ते सदतीस : एका पेप्टाइडची आणि काही नावांची गोष्ट

गेली दोन वर्षे आमच्या घरात सकाळचा अर्धा तास शांततेत जातो. दादा उठतो, दोन घोट पाण्याबरोबर एक छोटी गोळी गिळतो आणि घड्याळाकडे बघत बसतो. गोळीनंतर अर्धा तास काही खायचे नाही, चहासुद्धा नाही. जन्मभर डोळे उघडताच कपबशी हातात घेणाऱ्या माणसाला हे सक्तीचे व्रत जड जाते. गोळीचे नाव सेमाग्लुटाइड. तिच्या आधी त्याच्या तीन गोळ्या चालू होत्या आणि तरीही साखर ताब्यात येत नव्हती. आता ती आली आहे, पोटही आत गेले आहे, आणि जेवताना पहिल्यांदाच तो "बास" म्हणतो.

अशाच एका सकाळी घड्याळाकडे बघता बघता त्याने मला विचारले, "कुणी शोधलं गं हे?"

मी तालुक्याच्या महाविद्यालयात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होते. पदवी बारावीच्या पुढे गेली नाही. पण अठ्ठावीस वर्षे बाटल्यांवर लेबले चिकटवताना आतला मजकूरही वाचायची सवय लागली आणि निवृत्ती जवळ आल्यावर तीच सवय शोधनिबंधांकडे वळली. दादाचा प्रश्न दोन मिनिटांत सुटेल असे मला वाटले होते. त्याला आता वर्ष होत आले. उत्तर सापडले नाही असे नाही. उत्तरे फार सापडली, आणि प्रत्येक उत्तरात नावांची यादी वेगळी होती. २०२१ साली कॅनडाचा गेर्डनर पुरस्कार तिघांना मिळाला : जोएल हेबनर, डॅनियल ड्रकर, येन्स युल होल्स्ट. २०२४ साली अमेरिकेचा लास्कर पुरस्कारही तिघांनाच मिळाला, पण ते तिघे होते जोएल हेबनर, लोटे ब्येर क्नुडसेन आणि स्वेतलाना मोयसोव. शोध तोच आणि औषधही तेच. मग मधल्या तीन वर्षांत ही स्वेतलाना कुठून आली? आणि त्याआधी ती कुठे होती?

थोडे मागे जाऊ.

१९०२ च्या जानेवारीत लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात बेलिस आणि स्टार्लिंग या दोघांनी एक प्रयोग केला. कुत्र्याच्या लहान आतड्याच्या एका तुकड्याच्या सगळ्या नसा त्यांनी कापल्या आणि आत थोडे आम्ल सोडले. नसा नसतानाही स्वादुपिंडातून पाचकरस वाहू लागला. म्हणजे आतडे स्वादुपिंडाला निरोप पाठवते, आणि तो रक्तातून जातो. निरोप नेणाऱ्या त्या द्रव्याला त्यांनी सिक्रेटिन म्हटले. अशा साऱ्या द्रव्यांसाठी स्टार्लिंगने १९०५ मध्ये 'हॉर्मोन' हा शब्द वापरात आणला, आपण त्यांना संप्रेरके म्हणतो. लोक इन्शुलिनला संप्रेरकांचे मूळपुरुष समजतात, पण मान आतड्याचा आहे. इन्शुलिन आले त्यानंतर जवळजवळ वीस वर्षांनी.

१९०६ मध्ये लिव्हरपूलच्या मूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तर्क लढवला की आतडे जर स्वादुपिंडाला पाचकरसासाठी जागे करते, तर साखरेसाठीही करत असेल. त्यांनी डुकराच्या आतड्याचा अर्क मधुमेहींना पाजला. पहिल्या रोग्यात आशा वाटली, पुढे ती टिकली नाही. अर्कातले पेप्टाइड पोटात पचून जात असणार, हे आज आपण सहज सांगतो. १९३२ साली बेल्जियमच्या ला बारने या कल्पित द्रव्याला 'इन्क्रेटिन' असे नाव दिले. १९४० च्या सुमारास शिकागोच्या आयव्ही यांच्या गटाने कुत्र्यांवर प्रयोग करून असे काही नाही असा निर्वाळा दिला, आणि पंचवीस वर्षे कोणी त्या वाटेला गेले नाही.

मग १९६४ उजाडले. तोवर न्यूयॉर्कमधल्या ब्रॉन्क्सच्या, माजी सैनिकांसाठीच्या रुग्णालयात रोझालिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांनी रक्तातले अत्यल्प इन्शुलिन मोजण्याची पद्धत बसवली होती. हे ब्रॉन्क्सचे रुग्णालय लक्षात ठेवा, त्याचे काम पुढे पडणार आहे. नव्या मोजपट्टीने दोन गटांनी एकच गोष्ट दाखवली. ग्लुकोज शिरेतून दिले तर इन्शुलिन थोडे सुटते आणि तोंडाने दिले तर बरेच जास्त. आतड्याचा निरोप खरा होता. आता निरोप्या शोधायचा होता.

आता एका कुरूप माशाकडे वळू. अँगलरफिश हा रुंद जबड्याचा, समुद्रतळाशी दबा धरून बसणारा मासा आहे. आपल्या स्वादुपिंडात इन्शुलिन आणि ग्लुकॅगॉन करणाऱ्या पेशींची लहान लहान बेटे विखुरलेली असतात. या माशात त्याच पेशींचा वेगळा गोळाच असतो, सरळ चिमट्याने उचलावा असा. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये जोएल हेबनर यांची प्रयोगशाळा ग्लुकॅगॉनच्या मागे होती. ग्लुकॅगॉनचे काम इन्शुलिनच्या उलट, म्हणजे रक्तातली साखर वाढवण्याचे. शरीर ते थेट बनवत नाही. आधी एक लांबलचक प्रथिन बनते आणि मग विकरे त्याचे ठरावीक ठिकाणी तुकडे करतात. हेबनर यांच्या प्रयोगशाळेतील पॉलीन के लुंड आणि रिचर्ड गुडमन यांनी माशातला त्या लांब प्रथिनाचा मजकूर वाचला. १९८२ च्या निबंधावर पहिले नाव लुंड यांचे आहे. त्या मजकुरात ग्लुकॅगॉनच्या पुढे ग्लुकॅगॉनसारखाच आणखी एक तुकडा होता. पुढच्याच वर्षी ग्रॅम बेल यांच्या गटाला सस्तन प्राण्यांत तसे दोन तुकडे सापडले. त्यांना नावे पडली जीएलपी-१ आणि जीएलपी-२, म्हणजे ग्लुकॅगॉनसारखे पेप्टाइड पहिले आणि दुसरे.

एवढ्यावर पुष्कळ ठिकाणी लिहिले जाते की 'जीएलपी-१ चा शोध लागला'. इथे मी अडले. मजकूर वाचणे म्हणजे द्रव्य सापडणे नव्हे. जनुकात लिहिले आहे एवढेच कळले होते. शरीर तो तुकडा खरोखर कापते का, कुठे कापते, आणि कापलेला तुकडा काही करतो का, हे सगळे बाकी होते. मजकुरावरून बांधलेल्या अंदाजाप्रमाणे जीएलपी-१ सदतीस अमिनो आम्लांचे होते, १ ते ३७. ते स्वादुपिंडाला पाजून पाहिले तर काहीच घडत नव्हते.

स्वेतलाना मोयसोव इथे येतात. जन्म स्कोप्येचा, तेव्हाच्या युगोस्लाव्हियातला. बेलग्रेडला शिकून सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला त्या न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात ब्रूस मेरिफिल्ड यांच्या हाताखाली आल्या. मेरिफिल्ड म्हणजे पेप्टाइड हाताने विणण्याची पद्धत काढणारा माणूस. प्लास्टिकच्या बारीक मण्यावर पहिले अमिनो आम्ल चिकटवायचे, धुवायचे, त्यावर दुसरे चढवायचे, पुन्हा धुवायचे. मणी जागचा हलत नाही, म्हणून उरलेसुरले द्रव्य नुसते धुऊन टाकता येते. या कल्पनेसाठी मेरिफिल्डना १९८४ चे रसायनशास्त्राचे नोबेल एकट्याला मिळाले. ऐकायला सोपे आहे. पण प्रत्येक पायरीला शेकडा एक टक्का जरी चुकला तरी तीस पायऱ्यांनंतर भांड्यात काय उरेल, याचा हिशेब ज्याने टायट्रेशन केले आहे त्याने करावा. मोयसोव यांनी याच पद्धतीने ग्लुकॅगॉन बनवायचे काम अंगावर घेतले, त्याचे स्फटिक मिळेपर्यंत ते शुद्ध केले आणि १९८१ मध्ये मेरिफिल्ड यांच्यासह ते प्रसिद्ध केले. ग्लुकॅगॉनची एकोणतीस अक्षरे त्यांच्या बोटांना पाठ झाली असणार. माझ्या मते पुढचे सारे या पाठांतरातून निघाले.

१९८३ मध्ये त्या बोस्टनच्या त्याच रुग्णालयात पेप्टाइड बनवून देणाऱ्या विभागाच्या प्रमुख झाल्या. कामाचे स्वरूप असे, की इतर प्रयोगशाळांना लागेल ते पेप्टाइड करून द्यायचे. सेवा देणारा विभागच तो. पण जीएलपी-१ चा मजकूर समोर आला तेव्हा त्यांना दिसले की सातव्या जागी हिस्टिडिन आहे, आणि ग्लुकॅगॉनची सुरुवातही हिस्टिडिननेच होते. तिथपासून दोन्ही ओळी एकाखाली एक मांडल्या तर अक्षरामागून अक्षर जुळते. म्हणजे पहिली सहा अक्षरे फालतू असावीत, आणि खरे संप्रेरक ७ ते ३७ एवढेच, एकतीस अमिनो आम्लांचे. अडचण एकच होती. असल्या लांब प्रथिनांत विकरे सहसा आम्लारिधर्मी अमिनो आम्लांची जोडी बघून कापतात. सहाव्या जागी आर्जिनिन होते, पण एकटे. तिथे काप पडेल हे तेव्हाच्या नियमात बसणारे नव्हते.

त्यांनी वाद घातला नाही, करून पाहिले. दोन्ही रूपे विणली, त्यांना ओळखणारी प्रतिपिंडे तयार केली आणि उंदराच्या आतड्यात शोध घेतला. ७–३७ तिथे होते. १९८६ च्या निबंधावर पहिले नाव मोयसोव, शेवटचे हेबनर. शास्त्राच्या रिवाजात पहिले नाव काम करणाऱ्याचे आणि शेवटचे प्रयोगशाळेच्या धन्याचे.

पुढच्या वर्षी मोयसोव, गॉर्डन वियर आणि हेबनर यांनी उंदराचे स्वादुपिंड बाहेर काढून, जिवंत ठेवून त्यातून ७–३७ वाहवले. सौम्यात सौम्य द्रावणानेही इन्शुलिन सुटले. १–३७ मात्र त्याच्या दहा हजारपट तीव्रतेचे देऊनही ढिम्म राहिले. तो तक्ता मी पुन्हा पुन्हा पाहिला आहे. सहा अक्षरे डोक्यावर असली की द्रव्य मुके, आणि ती काढली की हे असे.

न्यायाची गोष्ट सांगायची तर ती पुरी सांगितली पाहिजे. त्याच १९८७ साली कोपनहेगनमध्ये होल्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डुकराच्या स्वादुपिंडावर हेच दाखवले. होल्स्ट तिथे वेगळ्या वाटेने पोचले होते. आतड्याची शस्त्रक्रिया झालेल्या रोग्यांची साखर जेवणानंतर एकदम का कोसळते, हा त्यांचा मूळ प्रश्न. लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात ब्लूम यांच्या गटाने तर त्याच वर्षी माणसांना हे पेप्टाइड देऊन पाहिले. आणि हेबनर यांच्याच प्रयोगशाळेत टोरांटोहून आलेल्या तरुण ड्रकर यांनी पेशींवर त्याचा परिणाम दाखवला. म्हणून 'मोयसोव यांनी एकटीने शोध लावला आणि इतरांनी तो लाटला' अशी गोष्ट सांगणारे हल्ली दिसतात, त्यांच्याशी मी सहमत नाही. मोयसोव नसत्या तरी ७–३७ सापडलेच असते, बहुधा त्याच वर्षी. पण त्या होत्या. त्यांनी ते केले, आणि पुढे तीसेक वर्षे ते त्यांनी केले असे लिहिले गेले नाही. आक्षेप एवढाच आहे, आणि तो लहान नाही.

कागदावर ते असे घडले. रुग्णालयाच्या वतीने पेटंटांचे अर्ज गेले, तेव्हा संशोधक म्हणून एकच नाव होते, हेबनर यांचे. मोयसोव यांना हे कळले तोवर त्या रॉकफेलरला परतल्या होत्या. मग वकील, पत्रे, जुन्या प्रयोगवह्या. कित्येक वर्षांनी चार पेटंटांवर त्यांचे नाव सहसंशोधक म्हणून चढले. पेटंटाच्या कायद्यात संशोधकाचे नाव वगळणे ही सौजन्याची चूक धरत नाहीत, त्याने पेटंटच धोक्यात येऊ शकते, म्हणून तिथे दुरुस्ती झाली. पुरस्कार समित्यांना तसे बंधन नसते. २०२० आणि २०२१ चे मोठे मान त्या तिघांनाच गेले. २०२३ मध्ये विज्ञानपत्रकारांनी मोयसोव यांची हकीकत सविस्तर छापली, आणि मग वर्षभरात पारितोषिकांच्या याद्या बदलू लागल्या.

इथे मला माझे एक क्षुल्लक सांगायचा मोह आवरत नाही. नव्वदच्या दशकात आमच्या भागातल्या विहिरींच्या पाण्याचा क्षार मी तीन पावसाळे मोजला, सायकलवरून बाटल्या आणून. त्याची पुस्तिका निघाली, तिच्यावर सरांचे नाव होते. ऋणनिर्देशात 'आणि प्रयोगशाळेतील इतर कर्मचारी' असे शब्द होते. सर वाईट नव्हते, त्यांच्या ते ध्यानातही आले नसेल. मोयसोव यांच्याबद्दल वाचताना मला चटकन जे उमगले ते त्यांचे रसायनशास्त्र नव्हते. 'सेवा विभाग' हा शब्द मला उमगला. जो मागणीप्रमाणे करून देतो त्याच्या डोक्यात विचार असेल, असे मागणाऱ्याला वाटत नाही.

असो. संप्रेरक सापडले, पण औषध झाले नाही. १९९२–९३ मध्ये बोस्टनला आणि जर्मनीत मधुमेहींना ते शिरेतून दिल्यावर साखर उतरली. पण सलाईनची नळी काढली की परिणाम संपत असे. रक्तातले डीपीपी-४ नावाचे विकर त्याची पहिली दोन अमिनो आम्ले कातरते. अर्धे द्रव्य दोनेक मिनिटांत निकामी होते. असले औषध घ्यायचे कसे?

एक उत्तर वाळवंटातून आले. ब्रॉन्क्सच्या त्याच रुग्णालयात, यॅलो यांच्या तालमीतले जॉन एंग काम करत. त्यांनी एक साधी रासायनिक कसोटी बसवली होती. ज्या पेप्टाइडच्या तोंडाशी हिस्टिडिन आहे ते पकडायचे, मग ते कुठलेही असो. पुन्हा तेच हिस्टिडिन! अमेरिकेच्या नैऋत्येला हिला मॉन्स्टर नावाचा, आपल्या घोरपडीची आठवण करून देणारा जाडजूड विषारी सरडा असतो. वर्षातून मोजक्या वेळा जेवणारा हा प्राणी. त्याच्या विषात एंग यांना १९९२ मध्ये एक्सेंडिन-४ सापडले. एकोणचाळीस अमिनो आम्ले, निम्म्याहून अधिक जीएलपी-१ शी जुळणारी. दुसऱ्या जागी मात्र ॲलानिनऐवजी ग्लायसिन. एवढ्या एका बदलाने डीपीपी-४ ची कात्री तिथे चालत नाही. ज्या सरकारी खात्यात ते नोकरीला होते त्याने पेटंटात रस घेतला नाही, म्हणून एंग यांनी ते स्वतःच्या खर्चाने काढले. त्यातून झालेले एक्सेनाटाइड २००५ मध्ये बाजारात आले, दिवसातून दोनदा टोचायचे.

दुसरे उत्तर डेन्मार्कचे. नोवो नॉर्डिस्क कंपनीत लोटे ब्येर क्नुडसेन यांच्या गटाने पेप्टाइडला चरबीच्या आम्लाची शेपटी जोडली. ही शेपटी रक्तातल्या अल्ब्युमिन या मोठ्या प्रथिनाला चिकटते आणि पेप्टाइड त्याच्या आडोशाने फिरत राहते. पहिले लिराग्लुटाइड झाले, रोज एकदा. मग शेपटी बदलली, आणि आठव्या जागचे ॲलानिन काढून तिथे निसर्गतः आपल्या प्रथिनांत नसणारे एक अमिनो आम्ल बसवले. आठव्या म्हणजे खरे तर दुसऱ्या, कारण मोजणी अजूनही त्या कापून टाकलेल्या सहा अक्षरांपासूनच होते. हे सेमाग्लुटाइड. अमेरिकेत २०१७ अखेर मंजूर झाले, आठवड्यातून एकदा. दोन मिनिटे टिकणारी वस्तू आठवडाभर टिकू लागली. पुढे गोळीही निघाली. तिच्यातल्या औषधाचा शंभरावा हिस्साही रक्तात पोचत नाही, म्हणून तो रिकाम्या पोटाचा अर्धा तास. १९०६ साली लिव्हरपूलला जी अडचण होती तीच ही. तिच्यावर मात झाली ती अशी, नव्व्याण्णव हिस्से वाया घालवून.

भूक कमी होण्याचा गुण आधी दुय्यम वाटला होता. १९९६ मध्ये ब्लूम यांच्या गटाने उंदराच्या मेंदूत हे द्रव्य सोडले आणि उंदीर खायचे थांबले. २०२१ च्या चाचणीत सेमाग्लुटाइड घेणाऱ्यांचे वजन ६८ आठवड्यांत सरासरी १४.९ टक्क्यांनी घटले, नुसते टोचलेल्यांचे २.४ टक्क्यांनी. २०२३ च्या चाचणीत हृदयविकार असलेल्या, वजनदार पण मधुमेह नसलेल्या १७,६०४ लोकांत हृदयाचे मोठे आघात २० टक्क्यांनी कमी झाले. मळमळ होते, चरबीबरोबर स्नायूही झडतो. आणि औषध थांबवले तर वर्षभरात गेलेल्या वजनाचे दोन तृतीयांश परत येते. म्हणजे हे औषध घेणे हा एक दीर्घ करार आहे, आणि करार म्हटला की किंमत आली.

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीप्रमाणे भारतात १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत. दादाच्या महिन्याच्या गोळ्यांचा खर्च त्याच्या निवृत्तिवेतनातून कसाबसा निघतो. आमच्या गल्लीत असे चार लोक मला माहीत आहेत ज्यांना डॉक्टरांनी हीच गोळी सांगितली आणि ज्यांनी चिठ्ठी घडी करून खिशात ठेवली. सेमाग्लुटाइडच्या भारतातल्या पेटंटाची मुदत मार्च २०२६ पर्यंतच होती आणि इथल्या अनेक कंपन्या आपापली आवृत्ती घेऊन तयारीत होत्या. इन्शुलिनचे पेटंट बँटिंगच्या सहकाऱ्यांनी १९२३ मध्ये टोरांटो विद्यापीठाला एकेका डॉलरला देऊन टाकले होते, हे शाळेत शिकवतात. त्यानंतरच्या शंभर वर्षांत इन्शुलिन किती जणांना परवडले, हे शिकवत नाहीत. तेव्हा या आवृत्त्यांकडे मी आशेने बघते, पण औषधाच्या दुकानातली पाटी बदलेपर्यंत विश्वास ठेवणार नाही.

परवा मी दादाला उत्तर दिले. पाठकोऱ्या कागदावर नावे लिहून त्याच्यापुढे ठेवली. बेलिस, स्टार्लिंग, मूर, ला बार, यॅलो, बर्सन, लुंड, गुडमन, बेल, हेबनर, मोयसोव, वियर, होल्स्ट, ब्लूम, ड्रकर, एंग, क्नुडसेन. मोयसोव यांच्या नावाखाली मी रेघ ओढली होती. गोळी घेऊन बारा मिनिटे झाली होती, म्हणजे वाचायला त्याच्याकडे वेळ होता. त्याने यादी दोनदा वाचली.

"आणि तो मासा? तो सरडा?" तो म्हणाला. "त्यांना कुठं लिहिलंस?"

मी पेन उघडले.